सड्यावरून अंधूक लघुग्रहांचा शोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली, रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ला या पट्ट्यातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, अजून बऱ्यापैकी काळोख शिल्लक आहे. तिथून लहान दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन लघुग्रह शोधणाऱ्यांसाठी हे पान आहे. दुर्बीण चालवता येते, फोटो जुळवता येतात, पण नॉइजमध्ये, म्हणजे चित्रातल्या रवाळ गोंगाटात, बुडालेला हलता ठिपका संगणकाकडून कसा काढून घ्यायचा, तिथे गाडी अडते. खालची सगळी उत्तरं एकाच आग्रहातून आली आहेत: एका फ्रेमवर, म्हणजे एकाच फोटोवर, निकाल देऊ नका. शंकास्पद प्रकाश शेवटपर्यंत सांभाळा आणि ‘आहे की नाही’ हे सगळ्या फ्रेम एकत्र आल्यावरच ठरवा.

आकडेमोडीसाठी सगळीकडे एकच संच धरला आहे. २०० मिमी व्यासाची एफ/४ न्यूटनीय दुर्बीण (नाभीय अंतर ८०० मिमी), त्यावर आयएमएक्स५७१ सेन्सरचा मोनो कॅमेरा. त्याचे पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचे आणि चित्र ६२४८ × ४१७६ पिक्सेलचं. एका पिक्सेलमध्ये आकाशाची ०.९७ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मावते, सोयीसाठी १ विकला म्हणू. ३० सेकंदांच्या १२० फ्रेम, म्हणजे एका तासाची माळ. ताऱ्याच्या ठिपक्याची रुंदी ३ पिक्सेल.

एका फ्रेममध्ये जे दिसतच नाही, ते सापडणार कसं?

बेरजेने. लघुग्रहाचा प्रकाश प्रत्येक फ्रेममध्ये आहे, फक्त तो नॉइजच्या खाली दबलेला आहे. फ्रेम एकमेकींवर ठेवून बेरीज केली की प्रकाश फ्रेमच्या संख्येच्या पटीत वाढतो आणि नॉइज मात्र तिच्या वर्गमुळाच्या पटीत. १२० फ्रेमचं वर्गमूळ सुमारे १०.९५. एका फ्रेममध्ये ज्याचा सिग्नल नॉइजच्या ०.७ पट आहे, म्हणजे जो कुणालाच दिसणार नाही, तो बेरजेत ७.७ पट होतो. तारकांच्या प्रतीत, म्हणजे तेजस्वितेच्या मापात, सांगायचं तर २.६ प्रतींचा फायदा.

अडचण एवढीच की तो हलतो. ताऱ्यांवर फ्रेम जुळवून बेरीज केली तर लघुग्रहाची पुसट रेघ होते आणि फायदा वाहून जातो. म्हणून प्रत्येक फ्रेम लघुग्रहाच्या वेगाने उलटी सरकवायची आणि मग बेरीज करायची. आता ताऱ्यांच्या रेघा होतात आणि लघुग्रह एका ठिपक्यात गोळा होतो. वेग आधी माहीत नसतो, म्हणून शक्य ते सगळे वेग एकेक करून तपासायचे. या रीतीला ‘शिफ्ट अँड स्टॅक’ किंवा ‘सिंथेटिक ट्रॅकिंग’ म्हणतात. २००३ साली हबल दुर्बिणीच्या चित्रांतून नेपच्यूनपलीकडचे तीन अतिशय अंधूक पिंड याच मार्गाने मिळाले होते.

फ्रेम आलटूनपालटून डोळ्यांनी पाहिल्या तर चालत नाही का?

ठळक पिंडांसाठी चालतं. २३ आणि २९ जानेवारी १९३० च्या काचपट्ट्या आलटूनपालटून पाहत क्लाइड टॉमबॉ यांनी १८ फेब्रुवारीला प्लूटो शोधला. त्याही आधी, १८६१ साली, नॉर्मन पॉगसन यांनी मद्रासच्या वेधशाळेतून लघुग्रह शोधला. तो आशियातून सापडलेला पहिला, म्हणून त्याचं नावच ‘एशिया’. पण डोळ्याला दिसायला ठिपका प्रत्येक फ्रेममध्ये नॉइजच्या निदान तीन-चार पट हवा. त्याच्या खाली बेरजेशिवाय गत्यंतर नाही.

एक्स्पोजर किती सेकंदांचं ठेवायचं?

इथे दोन मर्यादा आहेत आणि दोन्हींच्या मधे बसायचं आहे.

खालची मर्यादा कॅमेऱ्याच्या वाचन-नॉइजची. प्रत्येक फ्रेम वाचताना थोडा नॉइज नव्याने भरतो, म्हणून फार लहान फ्रेम घेतल्या तर तोच वरचढ ठरतो. आकाशाची पार्श्वभूमी इलेक्ट्रॉनमध्ये मोजा (झाकण लावून घेतलेली ‘डार्क’ फ्रेम वजा करून, गेनने म्हणजे एका आकड्यामागच्या इलेक्ट्रॉनच्या संख्येने गुणून) आणि ती वाचन-नॉइजच्या वर्गाच्या निदान १० पट आहे का ते पाहा. वाचन-नॉइज १.५ इलेक्ट्रॉन असेल तर २२.५ इलेक्ट्रॉन पुरेत. तेवढ्यावर एकूण नॉइज फक्त ५ टक्क्यांनी वाढतो.

वरची मर्यादा लघुग्रहाच्या वेगाची. एका एक्स्पोजरमध्ये तो स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त सरकता कामा नये, कारण फ्रेमच्या आत झालेली रेघ नंतर कुठल्याही गणिताने गोळा होत नाही. मंगळ आणि गुरूमधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना तासाला ३० ते ४० विकला सरकतो, म्हणजे ३० सेकंदांत जेमतेम ०.३ पिक्सेल. त्याला धोका नाही. पृथ्वीजवळचा पिंड मिनिटाला ६ विकला धावत असेल तर ३० सेकंदांत ३ पिक्सेल होतात, ती शेवटची हद्द. त्याहून वेगवान हवे असतील तर ५ ते १० सेकंदांवर या आणि वाचन-नॉइजचा थोडा तोटा सोसा.

वेगांची जाळी किती बारीक विणायची?

वेगात चूक झाली की तासाभराच्या शेवटी ठिपका फाकतो. ही फाक ठिपक्याच्या रुंदीहून कमी राहिली पाहिजे, म्हणून दोन वेगांमधलं अंतर म्हणजे ठिपक्याची रुंदी भागिले एकूण वेळ. ३ पिक्सेल भागिले १ तास, म्हणजे तासाला ३ पिक्सेल. दोन्ही अक्षांवर उणे १५० ते अधिक १५० पिक्सेल प्रतितास एवढी कक्षा घेतली तर १०१ × १०१ म्हणजे १०,२०१ वेग होतात.

पुष्कळ जण जाळी दुप्पट जाड करून वेळ वाचवतात आणि मग ‘काही सापडत नाही’ म्हणतात. उलट एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: माळ दोन तासांची केली तर वेगांची संख्या चौपट होते, कारण दोन्ही अक्षांवर पायऱ्या दुप्पट होतात. फ्रेमही दुप्पट झाल्या, म्हणजे काम आठपट. फायदा मात्र ०.४ प्रतीपेक्षा कमी.

५ सिग्माचा उंबरठा सगळीकडे चालतो. इथे का चालत नाही?

सिग्मा म्हणजे नॉइजच्या नेहमीच्या चढउताराचं माप, आणि ५ सिग्माचा उंबरठा म्हणजे त्याच्या पाचपट ठळक ठिपकाच खरा धरणं. ते इथे चालत नाही, कारण तुम्ही एकच प्रश्न विचारत नाही, अब्जावधी प्रश्न विचारता आहात. निव्वळ नॉइज ५ सिग्मा ओलांडण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. एका चित्रात २ कोटी ६० लाख पिक्सेल आहेत, म्हणजे एकाच वेगाच्या बेरजेतही सात-आठ खोटे ठिपके उगवणार. त्याला दहा हजार वेगांनी गुणा: पाऊण लाख खोटे लघुग्रह. ६ सिग्मावर ही संख्या अडीचशेच्या आसपास येते आणि ७ सिग्मावर एकाच्याही खाली. शेजारचे पिक्सेल आणि शेजारचे वेग एकमेकांपासून स्वतंत्र नसल्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे कमी निघतात, पण उंबरठा ७ च्या आसपासच ठेवावा लागतो.

हे गणित नॉइज शुद्ध यादृच्छिक आहे असं धरून केलं आहे. अर्धवट पुसलेला तारा, गरम पिक्सेल (उजेड नसतानाही चमकणारा सेन्सरचा सदोष ठिपका), उपग्रहाची रेघ यांना ते लागू नाही आणि तुमचे बहुतेक खोटे ठिपके नेमके तिथूनच येतील.

बेरीज करण्याआधी फ्रेमवर काय काय करायचं?

डार्क वजा करा, फ्लॅटने (एकसारख्या उजेडाच्या फ्रेमने) भागा, पार्श्वभूमीतला मंद चढउतार काढून टाका. पुढची पायरी बरेच जण गाळतात: प्रत्येक फ्रेमला ताऱ्याच्या ठिपक्याच्याच आकाराचा गाळणा लावा, म्हणजे ३ पिक्सेल रुंदीचा गाऊसीय (मधे उंच, कडेला उतरता). त्यामुळे ठिपक्यात पसरलेला सगळा प्रकाश मधल्या पिक्सेलमध्ये येतो आणि नंतरच्या बेरजेत प्रत्येक फ्रेममधून एकच पिक्सेल उचलला तरी भागतं.

सगळ्या फ्रेमना सारखं मत देऊ नका. पातळ ढग गेला, चंद्र उगवला, कुणी आंब्याच्या राखणीची बॅटरी दुर्बिणीवर मारली, की त्या फ्रेमची किंमत उतरते. ताऱ्यांच्या उजेडावरून पारदर्शकता मोजा, पार्श्वभूमीवरून नॉइजचा वर्ग मोजा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारं वजन फ्रेमला द्या. वाईट फ्रेम फेकण्याची गरजच उरत नाही, तिचं वजन आपोआप घटतं.

बेरजेऐवजी मध्यक घ्यायचा मोह होतो, कारण तो रेघा पुसतो. पण मध्यकात नॉइज सरासरीच्या १.२५ पट राहतो आणि तो भरून काढायला ५७ टक्के जास्त फ्रेम लागतात. टोकाची मूल्यं छाटून सरासरी घेणं जास्त परवडतं.

तारे पुसताना लघुग्रहही पुसला जातो का?

जातो, तो हळू असेल तर. तारे काढायला साधारणपणे सगळ्या जुळवलेल्या फ्रेमचा मध्यक काढतात आणि तो प्रत्येकीतून वजा करतात. एखाद्या पिक्सेलवर लघुग्रह निम्म्याहून कमी फ्रेममध्ये असेल तर मध्यकावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. मिनिटाला ०.६ विकला वेगाने तो ५ मिनिटांत स्वतःच्या रुंदीबाहेर पडतो, त्यामुळे तासाच्या माळेत सुरक्षित आहे. नेपच्यूनपलीकडचा पिंड तासाला ३ विकलाच सरकतो. तो या वजाबाकीत स्वतःलाच खातो. तसल्या शोधासाठी वजाबाकीचं चित्र दुसऱ्या रात्रीचं घ्या.

ठळक ताऱ्यांच्या गाभ्यात वजाबाकी कधीच नीट होत नाही. तिथे मास्क लावा, आणि तो पिक्सेल शून्य धरू नका, ‘माहिती नाही’ असं धरा. शून्य धरलं की बेरजेत तो खरा मोजला जातो.

सापडलेले सगळे ठिपके एकाच दिशेने, एकाच वेगाने चाललेत. एवढे लघुग्रह एकदम?

ते लघुग्रह नाहीत, तुमच्याच सेन्सरचे गरम पिक्सेल आहेत. हा दोष इतक्या वेळा येतो आणि इतका फसवतो की जरा थांबून पाहू.

दुर्बिणीचा ध्रुवाक्ष किंचित चुकला की तारे तासाभरात सेन्सरवर, समजा, २० पिक्सेल सरकतात. फ्रेम ताऱ्यांवर जुळवल्या की तारे स्थिर होतात आणि सेन्सरला चिकटलेली प्रत्येक गोष्ट उलट दिशेला तासाला २० पिक्सेल चालू लागते. एकसारख्या वेगाने, सरळ रेषेत, प्रत्येक फ्रेममध्ये हजर. हुबेहूब लघुग्रहाची वागणूक, आणि वेगही मुख्य पट्ट्याच्या घरातला.

ओळखायचं कसं? सगळ्या उमेदवारांचे वेग एका आलेखावर मांडा, आडवा वेग एका अक्षावर आणि उभा दुसऱ्यावर. खरे लघुग्रह विखुरलेले, फार तर एका पसरट पट्टीत दिसतील. गरम पिक्सेलचा एका जागी घट्ट पुंजका दिसेल, आणि त्याची जागा ताऱ्यांच्या सरकण्याच्या बरोबर उलट असेल.

उपाय तीन, आणि तिन्ही करायचे. एक, न जुळवलेल्या फ्रेमचा मध्यक काढा. त्यात जे पिक्सेल सतत वर राहतात त्यांचा नकाशा करून ते जुळवणीच्या आधीच ‘माहिती नाही’ ठरवा. दोन, सेन्सर थंड ठेवा. डार्क करंट साधारण दर ६ अंशांना दुप्पट होतो, त्यामुळे २५ अंशांवरून उणे ५ वर नेलं की तो सुमारे बत्तिसाव्या भागावर येतो. आपल्याकडच्या उबदार रात्रींना थंड न होणारा कॅमेरा या कामाला उपयोगाचा नाही. तीन, दर दोन-चार फ्रेमनंतर दुर्बीण १०-१५ पिक्सेल मुद्दाम इकडेतिकडे हलवा. मग गरम पिक्सेल सरळ चालत नाहीत, उड्या मारतात, आणि बेरजेत विरून जातात.

जुळवणी करताना पिक्सेलच्या अपूर्णांकात सरकवावं का?

एकदाच सरकवा. प्रत्येक वेळी शेजारच्या पिक्सेलांची सरमिसळ होते, नॉइज गुळगुळीत दिसतो आणि मोजलेला सिग्मा खोटा लहान येतो. मग ६ चा ठिपका ८ चा भासतो. वेगांच्या शोधात पूर्णांकातच सरका, आणि सिग्मा शेवटच्या बेरजेवरच मोजा.

उपग्रहांचं काय करायचं?

खालच्या कक्षेतले चित्रभर लांब रेघ ओढून जातात. ती शोधून तिच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून मास्क करा. भूस्थिर उपग्रह वेगळे: दुर्बीण ताऱ्यांमागे फिरत असल्याने ते सेकंदाला १५ विकला या दराने सरकतात, म्हणजे ३० सेकंदांत ४५० पिक्सेलची रेघ. कोकणातून त्यांचा पट्टा दक्षिणेकडे पाहताना उणे ३ अंश क्रांतीच्या, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या ३ अंश दक्षिणेला, आसपास दिसतो. तेवढा भाग टाळला तर बरीच डोकेदुखी वाचते.

उमेदवार खरा की खोटा, हे कसं ठरवायचं?

त्याच्याभोवती ३१ × ३१ पिक्सेलचा चौकोन कापा आणि त्याच्या वेगाने केलेली बेरीज पाहा. ठिपका ताऱ्यांइतकाच रुंद आणि गोल हवा. एकाच पिक्सेलचा टोकदार असेल तर तो गरम पिक्सेल किंवा वैश्विक किरण, आणि एका बाजूला काळी सावली असेल तर नीट वजा न झालेला तारा.

मग माळ दोन तुकड्यांत तोडा, पहिल्या ६० फ्रेम आणि नंतरच्या ६०. एकूण ७ सिग्माचा खरा पिंड दोन्ही तुकड्यांत ५ च्या आसपास दिसतो. एकात ९ आणि दुसऱ्यात १ आला, तर एखाद-दोन फ्रेममधल्या घाणीने सगळी बेरीज उचलली आहे.

शेवटची चाचणी सर्वांत मोलाची. फ्रेमच्या वेळा पत्त्यांसारख्या पिसा आणि तोच शोध पुन्हा पहिल्यापासून चालवा. पिसलेल्या माळेत खऱ्या लघुग्रहाची सरळ चाल उरत नाही, त्यामुळे तरीही जे उमेदवार निघतात ते सगळे खोटे. त्यांची संख्या म्हणजे तुमच्या उंबरठ्यावरचा खोट्यांचा प्रत्यक्ष दर. कागदावरच्या ७ सिग्मापेक्षा या आकड्यावर विश्वास ठेवा.

काहीच सापडलं नाही. आकाश रिकामं की प्रोग्राम चुकीचा?

हे कळण्याचा एकच मार्ग: स्वतः लघुग्रह पेरा. कच्च्या फ्रेममध्ये, म्हणजे डार्क-फ्लॅटच्याही आधी, ताऱ्याच्याच आकाराचे पाचशे कृत्रिम ठिपके घाला. प्रत्येकाला वेगळा वेग, वेगळी दिशा आणि १७ ते २१ प्रतीमधला वेगळा उजेड द्या. सगळी प्रक्रिया नेहमीसारखी चालवा आणि किती परत मिळाले ते प्रतीनुसार मोजा. जिथे निम्मे मिळतात ती तुमची खरी मर्यादा.

ठळकसुद्धा मिळाले नाहीत तर बहुतेक वेळा सरकवण्याच्या दिशेचं चिन्ह उलटं असतं किंवा चित्राचा उभा अक्ष उलटा वाचलेला असतो. ठळक मिळतात पण अंधूक एका झटक्यात गायब होतात, तर कुठल्यातरी पायरीवर उंबरठा लवकर लागला आहे. प्रत्येक फ्रेममधून आधी ३ सिग्माचे ठिपके वेचायचे आणि मग ते रेषेत आहेत का पाहायचं, ही घडण असेल तर ०.७ चा पिंड पहिल्याच दारावर बाद होतो. पेरलेले सगळे मिळाले आणि खरा एकही नाही, तर त्या रात्री त्या चौकटीत तुमच्या मर्यादेपर्यंत काही नव्हतं. तोही निकालच आहे, नोंदवून ठेवा.

डीप लर्निंगने हे सगळं सोपं होत नाही का?

शेवटच्या टप्प्यावर होतं. कापलेले ३१ × ३१ चे चौकोन ‘खरा’ आणि ‘घाण’ अशा गटांत वाटायला लहानसं कन्व्होल्यूशनल नेटवर्क (उदाहरणांवरून चित्रं ओळखायला शिकणारा प्रोग्राम) उत्तम चालतं. शिकवायला स्वतःच्याच फ्रेममध्ये पेरलेले ठिपके आणि पिसलेल्या माळेतले खोटे वापरा. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर शिकलेलं नेटवर्क तुमच्या कॅमेऱ्याची घाण ओळखत नाही. पण एकेका फ्रेमवर वस्तू ओळखणारं तयार नेटवर्क लावून ०.७ सिग्माचा पिंड मिळेल ही अपेक्षा सोडा. त्या फ्रेममध्ये तेवढी माहितीच नाही.

संगणक कोणता लागेल?

१२० फ्रेम ३२ बिटांत ठेवल्या तर सुमारे १२.५ जीबी होतात. १२ जीबीच्या ग्राफिक्स कार्डात त्या मावत नाहीत, म्हणून चित्राचे तुकडे करा. तुकड्यांच्या कडा मात्र लघुग्रहाच्या सर्वांत मोठ्या प्रवासाइतक्या, म्हणजे इथे १५० पिक्सेल, एकमेकांवर चढवा. दहा हजार वेगांसाठी ३० लाख कोटींच्या घरात बेरजा होतात. प्रोसेसरला हे रात्रभराचं काम, ग्राफिक्स कार्डाला बरंच कमी. कार्ड नसेल तर २ × २ पिक्सेल एकत्र करून सुरुवात करा, थोडी मर्यादा जाते पण रीत हातात बसते.

टायको ट्रॅकर हे विंडोजवरचं सॉफ्टवेअर हेच काम तयार करून देतं. स्वतः लिहायचं असेल तर पायथनमध्ये ॲस्ट्रोपाय हा खगोलशास्त्राचा तयार संच, आणि वाचून शिकायला हीच रीत वापरणाऱ्या केबीमॉडचा खुला कोड. आधीच्या साफसफाईला सिरिल हे सॉफ्टवेअर पुरतं.

सीसीटीव्ही किंवा मोबाइलचा व्हिडिओ चालेल?

नाही. व्हिडिओ आकुंचित करणारी प्रणाली नेमकी अंधूक, रवाळ माहितीच ‘अनावश्यक’ म्हणून फेकते. फिट्स किंवा एसईआर स्वरूपातली कच्ची चित्रंच घ्या.

कोकणातून कोणते महिने आणि आकाशाचा कोणता भाग?

लघुग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना सर्वांत तेजस्वी असतात, म्हणून मध्यरात्री डोक्यावर येणारा क्रांतिवृत्ताचा (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाचा) भाग निवडा. नोव्हेंबरमध्ये तो मेष-वृषभात आणि फेब्रुवारीत सिंहेत असतो. १६-१७ अक्षांशावरून दोन्ही जवळजवळ माथ्यावर येतात, ही आपली मोठी जमेची बाजू. डिसेंबर-जानेवारीत हाच बिंदू आकाशगंगेच्या जवळ जातो आणि ताऱ्यांच्या गर्दीमुळे मास्कच मास्क होतात. अमावास्येच्या आगेमागे पाच-पाच दिवस धरा. संध्याकाळचे खारे वारे पडून मतलई वारे सुरू झाले की हवा सहसा स्थिरावते, त्यामुळे मुख्य माळ रात्री अकरानंतर घ्या. पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला खाली पाहू नका. तिथे खारट धुरकट हवा आणि मासेमारीच्या दिव्यांचा उजेड दोन्ही असतात.

दव आणि खारी हवा?

दव पडायला लागलं की आधी आकड्यांत कळतं: पार्श्वभूमी हळूहळू चढते, ताऱ्यांची रुंदी ३ वरून ४-५ होते, ठळक ताऱ्यांभोवती वलय येतं. दुय्यम आरशामागे आणि कॅमेऱ्याच्या काचेजवळ १२ व्होल्टची तापपट्टी लावा, आणि दव पडण्याआधीच ती सुरू करा. सेन्सरच्या कप्प्यातली सुकवणारी पुडी दर मोसमाला बदला, नाहीतर थंड सेन्सरवर बर्फाची नक्षी उमटते. आरशावर मिठाचा थर दिसला तर पुसू नका. डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि उभा ठेवून निथळू द्या. जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा वाऱ्याला चांगला अडसर होतो, दुर्बीण त्याच्या आडोशाला ठेवा.

हीच रीत समुद्रावरच्या लांबच्या होड्यांना लागू होते का?

होते, पण नॉइजचा स्वभाव बदलतो. ६० मीटर उंचीच्या कड्यावरून क्षितिज सुमारे २८ किलोमीटरवर असतं. १० किलोमीटरवरची १० मीटर लांबीची होडी ५० मिमी लेन्सवर १३ पिक्सेल लांब आणि फार तर दोन पिक्सेल उंच दिसते. ताशी ८ सागरी मैल वेगाने आडवी जात असेल तर सेकंदाला पाच-सहा पिक्सेल.

लाटा यादृच्छिक नसतात. त्या एकमेकींशी बांधलेल्या असतात, आणि फेस हा अधूनमधून येणारा फार ठळक ठिपका असतो, म्हणून सिग्माचं वरचं गणित इथे मोडतं. फ्रेम पिसण्याची चाचणीही फसवते, कारण पिसल्यावर लाटांची बांधणी तुटते आणि खोट्यांचा दर खोटा कमी दिसतो. त्याऐवजी होडी नसलेल्या समुद्राच्या चित्रणावर शोध चालवून दर काढा. दिलासा असा की १० सेकंदांच्या आवर्तनाची लाट खोल पाण्यात सेकंदाला १५-१६ मीटर धावते आणि होडी ४ मीटर. गरम पिक्सेलसारखाच लाटांचाही वेगांच्या आलेखात वेगळा पुंजका पडतो, तो सोडून द्या. सरळ तुमच्याकडे येणारी होडी मात्र चित्रात हलतच नाही, ती पार्श्वभूमीत पुसली जाईल. बंदर किंवा नौदलाच्या परिसराकडे कॅमेरा रोखण्याआधी परवानगी घ्या.

खरंच काही सापडलं तर कुठे कळवायचं?

मायनर प्लॅनेट सेंटरकडे, म्हणजे लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या जागतिक केंद्राकडे. त्याआधी ज्ञात, क्रमांक मिळालेल्या लघुग्रहांची मोजमापं पाठवून स्वतःच्या जागेचा संकेतांक घ्यावा लागतो. उमेदवार ज्ञात यादीत आहे का ते त्यांच्याच साधनावर तपासा, आणि दुसऱ्या रात्री तो पुन्हा पकडल्याशिवाय नवा म्हणून दावा करू नका.

वेळ जपा. सड्यावर नेटवर्क नसतं आणि लॅपटॉपचं घड्याळ वाहत जातं, म्हणून जीपीएस रिसीव्हर जोडा. नोंद एक्स्पोजरच्या मध्याची करा, सुरुवातीची नको. मिनिटाला ६० विकला धावणाऱ्या पिंडात एका सेकंदाची चूक म्हणजे एक विकला. नेहमीची मोठी चूक मात्र साडेपाच तासांची असते: फाइलमध्ये भारतीय वेळ आणि तपासणीत जागतिक वेळ. एवढ्या काळात मुख्य पट्ट्यातला लघुग्रह सुमारे तीन कला (एक कला म्हणजे ६० विकला) सरकतो आणि ओळखीचा पिंड ‘नवा’ वाटू लागतो.

दुर्बीण नाही, किंवा पावसाळा आहे. तोवर काय?

इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन हा उपक्रम हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या चित्रांचे संच शाळा-महाविद्यालयांच्या गटांना मोफत देतो. ॲस्ट्रोमेट्रिका हे सॉफ्टवेअर वापरून त्यात हलते पिंड शोधायचे असतात. डोळा तयार व्हायला याहून चांगली सुरुवात नाही. ज्यांच्याकडे स्वतःच्या फ्रेम आहेत त्यांनी जून ते सप्टेंबर जुन्या माळा बारीक जाळीने पुन्हा तपासाव्यात, पेरणीची चाचणी करावी, आणि कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावा. जेल हिरवं किंवा गुलाबी पडलं की मंद आचेवर सुकवून परत डब्यात घालावं.